स्वतःलाच मेसेज करायची रीत

माझ्या फोनमधल्या सगळ्यात लांबलचक चॅटमध्ये दुसरं माणूसच नाही. तिथलं एक टिपण असं: ‘मागची खिडकी रुंदी ४ फूट २ इंच, उंची ३ फूट ११. पडद्याची दांडी दोन्हीकडे ३ इंच बाहेर.’ त्याच्या वर: ‘निळी फाइल वरच्या कपाटात, उजवीकडे.’ आणि त्याच्याही वर, दोन महिन्यांपूर्वीचा नुसता एक शब्द: ‘किल्ली!!’ दोन उद्गारचिन्हं देण्याइतकी ती किल्ली महत्त्वाची होती खरी, पण कुठली, कुणाची आणि तिचं करायचं काय होतं, हे मला आजतागायत आठवलेलं नाही.

स्वतःला मेसेज पाठवणं हा मुळात लोकांनी शोधलेला जुगाड. व्हॉट्सॲपमध्ये सोय नव्हती तेव्हा एखाद्या मित्राला घेऊन ग्रुप काढायचा आणि लगेच त्याला त्यातून काढून टाकायचं. उरलेला एकट्याचा ग्रुप म्हणजे आपली वही. मीही असा ग्रुप काढला होता. ज्या मैत्रिणीला काढून टाकलं तिने लगोलग ‘माझं काही चुकलं का गं?’ असं विचारलं, तेव्हा तिला समजवण्यात वही उघडण्यापेक्षा जास्त वेळ गेला. आता याची गरज नाही. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतःला मेसेज करायची अधिकृत सोय आणली. सिग्नल आणि टेलिग्राम या दुसऱ्या मेसेजिंग ॲपमध्ये ती त्याच्या आधीपासून होती.

ही चॅट उघडायला अर्धं मिनिट पुरतं. अडचण सुरू होते ती पाच-सहा महिन्यांनी, जेव्हा आत हजारभर टिपणं साचलेली असतात, हवं ते सापडत नाही आणि नको ते डोळ्यांसमोर येत राहतं. म्हणून सुरुवातीलाच सांगते: ही चॅट म्हणजे ओसरी आहे, कोठीची खोली नाही. सामान आधी ओसरीवर टेकवायचं, मग आत न्यायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

आधी एकच ॲप ठरवा

सिग्नल, व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम या तिन्हींत स्वतःशी बोलायची जागा आहे, पण तिन्हींचं कुलूप सारखं नाही.

सिग्नलमध्ये या चॅटचं नाव ‘नोट टू सेल्फ’. इथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. म्हणजे मजकूर तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि ते कुलूप उघडायची चावी फक्त तुमच्या उपकरणांवर असते. मधल्या सर्व्हरला नुसतं गाठोडं दिसतं, आतलं काही दिसत नाही. ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या मागे ना-नफा तत्त्वावरचं सिग्नल फाउंडेशन आहे. मोक्सी मार्लिनस्पाइक आणि ब्रायन ॲक्टन यांनी ते २०१८ मध्ये उभं केलं. हे ॲक्टन म्हणजे व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक.

व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सिग्नलचीच एन्क्रिप्शनची पद्धत आपल्या सगळ्या मेसेजेसना लावली. त्यामुळे मजकुरापुरतं कुलूप दोन्हीकडे एकाच घडणीचं. फरक पडतो तो आजूबाजूच्या गोष्टींत: बॅकअप कुठे जातो, फोटो गॅलरीत उतरतात का, तुमच्याबद्दलची इतर माहिती किती साठवली जाते. बॅकअपकडे पुढे येतेच.

टेलिग्रामच्या ‘सेव्ह्ड मेसेजेस’बद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तिथली टिपणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. ती सोय टेलिग्राममध्ये फक्त ‘सीक्रेट चॅट’ला आहे. सेव्ह्ड मेसेजेस कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि चाव्याही कंपनीकडेच असतात. याचा फायदाही आहे, नाही असं नाही. फोन हरवला तरी नव्या फोनवर लॉगिन केलं की सगळं जसंच्या तसं समोर येतं, २ जीबीपर्यंतची फाइल ठेवता येते, आणि पाठवायचं बटण दाबून धरलं की टिपणाला आठवणीची वेळही लावता येते. लेखांच्या लिंका, सार्वजनिक पीडीएफ, नकाशे असल्या वस्तूंसाठी ती जागा उत्तम. आजाराच्या नोंदी, पैशांचे व्यवहार, घरातल्या गोष्टी तिथे नकोत.

माझी निवड सिग्नल. पण तुम्ही दिवसभर व्हॉट्सॲपमध्येच असाल आणि सिग्नल आठवड्यातून एकदा उघडत असाल, तर व्हॉट्सॲपच घ्या. हाताशी नसलेली वही कितीही सुरक्षित असली तरी तिच्यात काही लिहिलं जात नाही. फक्त तिन्हीकडे थोडं थोडं लिहू नका. ‘ते टिपण कुठल्या ॲपमध्ये होतं बरं?’ हा प्रश्न पडला की वही असून नसल्यासारखी.

चॅट उघडा

व्हॉट्सॲपमध्ये नव्या चॅटचं बटण दाबा. संपर्कांच्या यादीत तुमचंच नाव दिसेल, त्याच्यासोबत ‘तुम्ही’ असं आणि खाली स्वतःला मेसेज करा अशा अर्थाची ओळ. त्यावर दाबून पहिला मेसेज पाठवा, की ती चॅट मुख्य यादीत येते.

सिग्नलमध्ये पेन्सिलच्या चिन्हावर दाबा आणि शोधाच्या चौकटीत ‘नोट टू सेल्फ’ टाइप करा. ॲप ज्या भाषेत चालू असेल त्या भाषेत हे नाव दिसेल. टेलिग्राममध्ये सेव्ह्ड मेसेजेस मेन्यूत किंवा सेटिंग्जमध्ये असतात. दिसले नाहीत तर वरच्या शोधात नाव टाका.

पहिला मेसेज म्हणून ‘टेस्ट’ पाठवू नका. आत्ता खरोखर लक्षात ठेवायचं काहीतरी पाठवा. चपलेचा नंबर, गाडीच्या टायरमधल्या हवेचं प्रमाण, काहीही. पहिल्याच दिवशी ती चॅट उपयोगी पडली तर हात तिच्याकडे पुन्हा वळतो.

समोर ठेवा, पण इतरांपासून वेगळी दिसू द्या

चॅटवर बोट दाबून धरा आणि पिन करा, म्हणजे ती यादीच्या माथ्यावर राहील. अँड्रॉइड फोन असेल तर चॅट उघडून तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून तिचा शॉर्टकट थेट होम स्क्रीनवरही टाकता येतो. एका टिचकीत वही उघडणं आणि चार टिचक्यांत उघडणं यात फार मोठं अंतर आहे. चौथ्या टिचकीपर्यंत विचार डोक्यातून निसटलेला असतो.

आता एक कबुली. मागे एकदा मी घाईत लिहिलं, ‘बैठकीत हा आकडा सांगायचा नाही. आधी हिशेब पुन्हा तपास, मला तो चुकीचा वाटतोय.’ आणि पाठवून दिलं. स्वतःला नाही, कामाच्या ग्रुपवर. तो ग्रुपही मी पिन केलेला होता आणि माझ्या चॅटला अगदी खेटून होता. सगळ्यांसाठी डिलीट केलं, पण ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ मागे राहिली आणि तोवर दोघांनी वाचलंही होतं. त्या बैठकीत मग तोच आकडा सगळ्यात आधी निघाला.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. पिन फक्त स्वतःच्या चॅटला, दुसऱ्या कशालाच नाही. आणि त्या चॅटला इतरांपेक्षा पार वेगळा वॉलपेपर. माझा गडद पिवळा आहे, डोळ्यांना जरा खुपणाराच. व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हीत एकेका चॅटपुरता वॉलपेपर बदलता येतो. चॅटच्या नावावर किंवा मेन्यूत दाबलं की पर्याय सापडतो. पिवळं दिसलं नाही तर माझं बोट पाठवायच्या बटणावर आपोआप थबकतं.

संगणक जोडा

या चॅटची निम्मी गंमत फोन आणि संगणक यांच्यामधल्या ये-जा करण्यात आहे. फोनवर काढलेला कागदाचा फोटो स्वतःला पाठवला की तो संगणकावर हजर, आणि संगणकावर सापडलेला पत्ता रस्त्यावर असताना फोनमध्ये हजर. केबल नको, ईमेल नको.

व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हीत सेटिंग्जमधल्या ‘लिंक केलेली डिव्हाइसेस’मध्ये जाऊन संगणकाच्या पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्येही चालतं; फोनव्यतिरिक्त ४ उपकरणं जोडता येतात, मात्र फोनवर १४ दिवस ॲप उघडलंच नाही तर ती आपोआप सुटतात. सिग्नल ब्राउझरमध्ये चालत नाही, त्याचं वेगळं ॲप संगणकावर बसवावं लागतं आणि ५ उपकरणं जोडता येतात. पूर्वी सिग्नलमध्ये नवा संगणक जोडला की तो कोरा असायचा, जुनी टिपणं फोनवरच राहायची. २०२५ च्या सुरुवातीपासून जोडतानाच जुना मजकूरही सोबत आणायचा पर्याय मिळतो. तो निवडा.

दुसऱ्याच्या किंवा सगळ्यांनी वापरायच्या संगणकावर ही चॅट जोडू नका. जोडावीच लागली तर काम झाल्या झाल्या फोनवरून त्या उपकरणाची जोडणी तोडा. ब्राउझरची खिडकी बंद केल्याने जोडणी तुटत नाही.

टिपण असं लिहा की परक्यालाही कळेल

‘किल्ली!!’सारखी टिपणं का फसतात? लिहिताना सगळा संदर्भ डोक्यात ताजा असतो, म्हणून एक शब्द पुरेसा वाटतो. वाचणारी मी मात्र दोन महिन्यांनंतरची असते आणि ती जवळजवळ परकीच बाई असते. तिला उद्देशून लिहायचं. ‘किल्ली’ ऐवजी ‘मागच्या दाराची दुसरी किल्ली बनवून घेणे, मूळ किल्ली खणात’ असं काहीतरी लिहिलं असतं तर फार तर सात-आठ सेकंद जास्त लागले असते.

‘उद्या’, ‘परवा’, ‘पुढच्या सोमवारी’ हे शब्द टाळा आणि तारीखच लिहा. मेसेजखाली पाठवल्याची वेळ असते हे खरं, पण तोच मजकूर तुम्ही उचलून दुसरीकडे डकवला की ती वेळ मागेच राहते आणि ‘उद्या’ पोरका होतो.

एका मेसेजमध्ये एकच गोष्ट. हे मला सगळ्यात उशिरा सुचलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. पूर्वी मी दहा कामांची यादी एकाच मेसेजमध्ये लिहायचे. त्यातली तीन झाली की उरलेल्या सातांचं काय? व्हॉट्सॲपमध्ये पाठवल्यापासून १५ मिनिटांतच मेसेज दुरुस्त करता येतो. त्यानंतर झालेल्या कामावर काट मारायची सोयच उरत नाही. दहा कामं दहा मेसेजमध्ये असली की झालेल्यावर बोट दाबून धरायचं आणि बरोबरच्या खुणेची रिॲक्शन द्यायची, किंवा सरळ डिलीट करायचं. यादी आपोआप आटत जाते.

जुन्या गोष्टीत भर घालायची असेल तर स्वतःलाच रिप्लाय द्या. खिडकीच्या मापाच्या टिपणाला मी रिप्लाय केला, ‘दांडी आणली, ब्रॅकेट राहिले.’ आता या नव्या ओळीवर दाबलं की माप पुन्हा समोर येतं. वेगळी फाइल नको, फोल्डर नको. एकेका कामाची अशी साखळी तयार होते.

आणि एक मर्यादा ओळखून असा. ही चॅट तुम्हाला हाक मारत नाही. स्वतःच्या मेसेजचा टणत्कार होत नाही, लाल आकडा दिसत नाही. ठरावीक वेळेला करायचं काम इथे लिहून ‘झालं’ समजलात तर ते हुकलंच म्हणून समजा. टेलिग्रामची आठवणीची सोय सोडली तर वेळेचं काम अलार्ममध्ये किंवा कॅलेंडरमध्येच टाकायचं.

शोध: इथे मराठी आडवी येते

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक मार्गदर्शक ‘वर भिंग आहे, शब्द टाका’ एवढं सांगून मोकळे होतात. मराठीत टिपणं लिहिणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही.

परवा मी ‘पडदा’ असा शोध घेतला. खिडकीचं टिपण आलंच नाही. कारण टिपणात शब्द होता ‘पडद्याची’. आपल्या भाषेत प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं: पडदा-पडद्याची, रस्ता-रस्त्यावर, चष्मा-चष्म्याचा. माणसाला तो एकच शब्द वाटतो. शोधणाऱ्या ॲपला ती वेगवेगळी अक्षरं दिसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उपाय सोपा आहे. ज्या नावाने पुढे शोधाल ते नाव मूळ रूपात सुरुवातीलाच लिहा आणि पुढे विसर्गासारखे दोन ठिपके द्या. ‘पडदा: मागची खिडकी ४ फूट २ इंच…’ शोधतानाही आधी शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरंच टाकून बघा.

दुसरा घोळ ऱ्हस्व-दीर्घाचा. घाईत ‘विज’ लिहिलं आणि शोधताना ‘वीज’ टाकलं तर हाती काही लागत नाही. शुद्धलेखनाचा आग्रह सोडा, पण स्वतःची सवय एकच ठेवा. तिसरा घोळ लिपीचा. निम्मी टिपणं रोमन लिपीत आणि निम्मी देवनागरीत असतील तर प्रत्येक शोध दोनदा करावा लागतो. आकड्यांचंही तेच. मराठी ४ आणि इंग्रजी आकड्यांतला चार ही ॲपच्या लेखी दोन निरनिराळी चिन्हं असू शकतात. मी आता शब्द देवनागरीत लिहिते आणि खाते क्रमांक, पावती क्रमांक यांसारखे आकडे इंग्रजीत, कारण ते बहुतेक वेळा दुसरीकडून जसेच्या तसे उचललेले असतात.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलं जातं: काही कीबोर्ड त्यासाठी एक स्वतंत्र चिन्ह टाकतात, तर काही ‘अ’ लिहून त्यावर चंद्र बसवतात. पडद्यावर दोन्ही ‘ॲ’ सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे. त्यामुळे फोनवर लिहिलेला ‘ॲडमिशन’ संगणकावरून शोधताना सापडेलच असं नाही. असा शब्द शोधताना मी ‘ॲ’ असलेला शब्द सोडून टिपणातला दुसराच एखादा शब्द टाकते.

गट पाडायचे असतील तर खुणेचे शब्द ठरवा. टेलिग्रामात # लावलेला शब्द आपोआप दुवा बनतो. इतर ॲपमध्ये मी विरामचिन्हांवर भरवसा न ठेवता शब्दच असे घेते की जे एरवी लिहिण्यात येणार नाहीत. ‘काम’ हा शब्द खुणेसाठी निरुपयोगी, तो पन्नास ठिकाणी येतो. ‘कामयादी’, ‘मापनोंद’, ‘वाचूनबघ’ हे माझे तीन शब्द. तीनच. सुरुवातीला अकरा केले होते, त्यातले आठ माझ्याच लक्षात राहिले नाहीत. ठरवलेला शब्द आजच एका टिपणात लिहून पाठवा आणि लगेच शोधून बघा. सापडला तर तो कायमचा ठेवा.

फोटो, आवाज, लिंक

फोटोतल्या अक्षरांवर विसंबू नका. चॅटमधला शोध तुम्ही टाइप केलेल्या शब्दांवरच चालतो असं धरून चला. पाठवतानाच खाली एक ओळ लिहा: ‘पावती, फ्रिजची वॉरंटी, संपते मार्च २०२७’. आवाजी टिपणाचंही तसंच. चालताना बोलून टाकणं सोयीचं असतं, पण दहा आवाजी टिपणांतून हवं ते शोधायचं म्हणजे दहाही ऐकणं आलं. आवाज पाठवला की त्यालाच एक-दोन शब्दांचा रिप्लाय टाइप करून टाका.

फोटो नेहमीसारखा पाठवला की आकाराने लहान केला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. करारपत्र, प्रमाणपत्र असलं काही असेल तर ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लिंक नुसती टाकू नका, ती का ठेवली तेही लिहा. महिन्याभराने नुसत्या लिंकांची रांग बघून आपण त्या का जमवल्या याचा पत्ता लागत नाही, आणि डिलीटही करवत नाहीत.

मिटणारी टिपणं

सिग्नलच्या नोट टू सेल्फमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याचा टायमर लावता येतो. जास्तीत जास्त ४ आठवड्यांचा. टायमर लावल्यानंतर लिहिलेल्या टिपणांनाच तो लागू होतो, आधीची तशीच राहतात. गाडी कुठे उभी केली, कोणत्या खिडकीवर जायचं, टोकन नंबर काय, असली टिपणं दिवसभराची पाहुणी असतात. त्यांच्यासाठी टायमर फार कामाचा. मी मात्र तो कायम चालू ठेवत नाही. एकदा ४ आठवड्यांचा टायमर लावून विसरले आणि नंतर मोठ्या मेहनतीने जमवलेल्या नोंदी एकेक करून विरघळताना पाहिल्या. लावलात तर रविवारी चॅट उपसण्याची (ते पुढे येतंच) सवय आधी अंगवळणी पडू द्या.

काय ठेवायचं नाही

पासवर्ड, एटीएमचा पिन, कार्डामागचे तीन आकडे, क्रिप्टोचं खातं परत मिळवून देणारे बारा किंवा चोवीस शब्द. यातलं काहीही नाही, सिग्नलमध्येसुद्धा नाही. एन्क्रिप्शन वाटेवरच्या चोरापासून वाचवतं, तुमचा उघडा फोन ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून वाचवत नाही. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं ॲप असतं, ते वापरा.

बाकीच्या टिपणांसाठीही ॲपला स्वतंत्र कुलूप लावा. सिग्नलच्या गोपनीयता सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन लॉक’ आहे. व्हॉट्सॲपमध्ये सबंध ॲपला कुलूप लावता येतं, किंवा २०२३ मध्ये आलेल्या ‘चॅट लॉक’ने एकच चॅट वेगळ्या कप्प्यात ठेवता येते. ही दुसरी सोय माझ्या मते या कामासाठी अडचणीची. कप्पा उघडून आत जाईपर्यंत टिपायचं ते राहून जातं.

आणि गॅलरी तपासा. व्हॉट्सॲपमधले फोटो फोनच्या गॅलरीत उतरत असतील आणि गॅलरीची प्रत आपोआप क्लाउडवर जात असेल, तर चॅटचं कुलूप त्या फोटोंच्या कामाचं नाही. सेटिंग्जमध्ये फोटो गॅलरीत दाखवायचा पर्याय बंद करता येतो. सिग्नल मुळातच फोटो गॅलरीत टाकत नाही, तुम्ही ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत. मात्र कॅमेऱ्याने आधी फोटो काढून मग तो पाठवला असेल तर मूळ फोटो गॅलरीत असणारच. तो वेगळा पुसावा लागतो.

रविवारचा उपसा

आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं. मी खालून वर जाते, म्हणजे ताज्यापासून जुन्याकडे, आणि प्रत्येक टिपणाला एकच प्रश्न विचारते: तुझं घर कुठे? गेल्या खेपेला चोवीस टिपणं होती. नऊ कामं झालेली होती, डिलीट. चार तारखा होत्या, त्या कॅलेंडरमध्ये टाकल्या आणि डिलीट. दोन फोन नंबर संपर्कांत गेले. तीन लिंका वाचल्या. एक आवडली, तिच्यातला मुद्दा माझ्या कायमच्या नोंदींच्या फाइलमध्ये उतरवला. खिडकीचं माप आणि निळी फाइल तशीच राहिली, कारण पडदे अजून व्हायचेत. दोन टिपणांचा अर्थ लागला नाही, गेली. एका लिखाणासाठी सुचलेलं वाक्य होतं, ते पुन्हा वाचल्यावर फार काही भारी वाटलं नाही, तेही गेलं. उरलेलं एक टिपण नुसती तक्रार होती, स्वतःशीच केलेली. ती ठेवली.

कायमच्या नोंदींचं घर कुठलंही असू द्या: कागदाची वही, संगणकावरची साधी मजकुराची फाइल, नोंदींचं ॲप. फक्त ते चॅटच्या बाहेर असावं.

बॅकअप, आणि फोन बदलताना

चावी फक्त तुमच्या उपकरणांवर असते, याचा दुसरा अर्थ असा की फोन गेला आणि बॅकअप नसेल तर टिपणंही गेली. कंपनीला फोन करून उपयोग नाही, त्यांच्याकडे ती नसतातच.

व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात किंवा आयक्लाउडवर जातो. तो एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड करायची सोय २०२१ पासून आहे, पण ती तुम्हालाच चालू करावी लागते. नाही केली तर दिव्याखाली अंधार: चॅटला भक्कम कुलूप आणि तिची प्रत मात्र त्या कुलपाविना. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’. पासवर्ड ठेवा किंवा ६४ आकडी चावी घ्या. विसरलात तर ते कुणीही परत मिळवून देत नाही, म्हणून ते कागदावर लिहून घरात ठेवा, त्याच फोनमध्ये नको.

सिग्नलमध्ये अँड्रॉइडवर फोनमध्येच बॅकअपची फाइल तयार करता येते आणि तिला ३० आकडी चावी असते. ती फाइल फोनमध्येच राहू दिली तर फोनबरोबर तीही जाते, तेव्हा अधूनमधून संगणकावर उतरवा. २०२५ मध्ये सिग्नलने स्वतःच्या सर्व्हरवरचा एन्क्रिप्टेड बॅकअपही आणला, आधी अँड्रॉइडवर. त्यात मजकूर आणि अलीकडच्या ४५ दिवसांचे फोटो-फाइल्स विनामूल्य राहतात, त्याहून जुन्या फाइल्ससाठी पैसे भरावे लागतात. त्याची चावी ६४ अक्षरांची आहे. सिग्नलचा पिन आणि ही चावी यांत गल्लत करू नका. पिनने प्रोफाइल आणि सेटिंग्ज परत येतात, टिपणं येत नाहीत.

फोन बदलताना जुना फोन पुसायची घाई नको. आधी नव्या फोनवर चॅट आणा आणि वर सरकत जाऊन सहा महिन्यांपूर्वीचं एक टिपण, एक फोटो आणि एक फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. तिन्ही उघडले की ‘लिंक केलेली डिव्हाइसेस’ची यादी तपासा; ओळखीचं नसलेलं किंवा वापरात नसलेलं जे असेल त्याची जोडणी तोडा. नवा बॅकअप चालू झाला आहे का आणि त्याची चावी कागदावर उतरवली आहे का, ते बघा. त्यानंतरच जुना फोन फॅक्टरी रीसेट करून ज्याला द्यायचा त्याला द्या.